पर्पेतुआ आणि फेलिसितास : आद्य ख्रिस्ती रक्तसाक्षी स्त्रिया आणि त्यांच्या संतपदाची घडण

प्रस्तावना

इसवी सन २०३ मध्ये, मार्च महिन्याच्या ७ तारखेस, उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या रोमन नगरात राजपुत्र गेता याच्या वाढदिवसानिमित्त लष्करी खेळ योजण्यात आले होते. त्या खेळांत काही ख्रिस्ती कैद्यांना श्वापदांपुढे सोडण्यात आले. त्यांत दोन स्त्रिया होत्या. विबिया पर्पेतुआ ही सुमारे बावीस वर्षांची, कुलीन घराण्यातील, सुशिक्षित व विवाहित स्त्री असून तिच्या अंगावर पिणारे मूल होते. दुसरी फेलिसितास ही दासी होती आणि अवघ्या दोनतीन दिवसांपूर्वी तुरुंगातच ती बाळंत झाली होती. या घटनेचा वृत्तांत लॅटिन भाषेत उपलब्ध असून त्याचा मोठा भाग पर्पेतुआने स्वतः तुरुंगात लिहिला, असे त्या वृत्तांताचा संपादक सांगतो. प्राचीन काळातील ख्रिस्ती स्त्रीचे, तिच्याच शब्दांतील इतके विस्तृत लेखन अन्यत्र क्वचितच आढळते.

प्रस्तुत विषयाचा विचार करताना दोन संज्ञांचा खुलासा आवश्यक ठरतो. मराठीत 'हुतात्मा' हा शब्द आहुतीची कल्पना पुढे आणतो. ग्रीक भाषेतील मूळ शब्दाचा अर्थ मात्र 'साक्षीदार' असा आहे. न्यायासनासमोर उभे राहून स्वतःच्या श्रद्धेची साक्ष देणारी व्यक्ती, मग त्या साक्षीची किंमत प्राणांनी चुकवावी लागली तरी बेहत्तर. म्हणून येथे 'रक्तसाक्षी' हा शब्द योजिला आहे. दुसरी संज्ञा 'संत' ही होय. मराठी वाचकाच्या मनात संत म्हटले की वाणी आणि अभंग उभे राहतात. प्राचीन ख्रिस्ती मंडळीत संतपद ठरे ते मृत्यूच्या स्वरूपावरून, आणि टिके ते समाधीपाशी दरवर्षी होणाऱ्या स्मरणावरून. पर्पेतुआच्या बाबतीत वाणी आणि स्मरण ही दोन्ही एकत्र आली, आणि त्यांचे एकमेकांशी पूर्णपणे कधीच जमले नाही. स्मरणाच्या प्रथेने तिचे शब्द जपले, हे खरे. परंतु ते शब्द सोयीचे व्हावेत यासाठी त्यांवर संस्कारही त्याच प्रथेने केले. ही प्रक्रिया कशी घडली, याचा परामर्श येथे घेतला आहे.

पूर्वपीठिका

पर्पेतुआच्या पूर्वीही रक्तसाक्षी स्त्रियांचे उल्लेख सापडतात. इ. स. ११२ च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजन यास पाठविलेल्या पत्रात, माहिती काढण्यासाठी दोन दासींचा छळ केल्याचे नमूद केले आहे. त्या मंडळीत सेविकेचे पद भूषवीत होत्या. त्यांची नावे मात्र प्लिनीने दिलेली नाहीत. ट्राजनने उत्तरादाखल जे धोरण सांगितले ते पुढे दीर्घकाळ प्रमाण मानले गेले : ख्रिस्ती लोकांना मुद्दाम शोधून काढू नये, मात्र रीतसर आरोप होऊन ते आपल्या मतावर ठाम राहिल्यास शिक्षा द्यावी. इ. स. १७७ मध्ये गॉल प्रांतातील लियों येथे ब्लांदिना नावाच्या दासीला अनेक यातना देऊन ठार मारण्यात आले. तिची हकीकत इतिहासकार युसेबियस याने जतन केलेल्या पत्रात आली आहे. इ. स. १८० मध्ये कार्थेज येथेच सिली गावच्या बारा जणांना मृत्युदंड झाला, त्यांत पाच स्त्रिया होत्या.

लियोंच्या घटनेतील एक तपशील पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तेथील अधिकाऱ्यांनी मृतांची शरीरे जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकली. पुनरुत्थानाची आशाच खुंटावी, हा त्यामागील हेतू होता. परिणामी ब्लांदिनेची समाधी उरली नाही. कार्थेजमध्ये तसे घडले नाही.

तुरुंगातील लेखन

वृत्तांताचे एकूण एकवीस प्रकरणे असे विभाजन करण्यात आले आहे. त्यांपैकी तीन ते दहा ही प्रकरणे पर्पेतुआची, पुढील तीन तिचा सहबंदी सातुरुस याची, आणि उर्वरित आरंभ व अखेर संपादकाची आहे. हा संपादक कोण, याविषयी पुष्कळ तर्क झाले. कार्थेजचा विख्यात लेखक तर्तुलियन याचेही नाव घेतले जाते, पण त्यास निर्णायक आधार नाही. पर्पेतुआचा मजकूर खरोखर तिच्याच हातचा आहे काय, अशीही शंका अलीकडील काही अभ्यासकांनी घेतली आहे. तथापि संपादकाची अलंकारप्रचुर शैली आणि पर्पेतुआच्या प्रकरणांतील साधी, तुटक, बोलीच्या जवळ जाणारी वाक्यरचना यांतील अंतर इतके ठळक आहे की दोन्ही एकाच हातचे मानणे कठीण जाते.

या लेखनात धर्मतत्त्वांची चर्चा अत्यल्प आहे. आहे ते घर, वडील आणि मूल. वडील ख्रिस्ती नव्हते. ते तुरुंगात येऊन मुलीचे मन वळवू पाहतात. समोर ठेवलेल्या भांड्याकडे बोट दाखवून ती त्यांना विचारते, की या वस्तूला तिच्या नावाखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारता येईल काय. तद्वतच आपणही जे आहोत त्याहून वेगळे म्हणवून घेऊ शकत नाही. पुढील भेटीत ते तिचे हात चुंबतात, पायांवर लोळण घेतात आणि तिला मुलगी न म्हणता मालकीण म्हणून संबोधतात. रोमन कुटुंबव्यवस्थेत पित्याचा अधिकार किती सर्वंकष होता हे ध्यानात घेतल्यास या प्रसंगाचे गांभीर्य कळून येते. न्यायासनासमोर ते बाळाला घेऊन उभे राहतात. प्रांताधिपती मरण पावल्याने त्याचे काम पाहणारा हिलारियानुस हा अधिकारी त्यांना तेथून हुसकावून छडीने मारण्याचा हुकूम देतो. तो मार आपल्यालाच बसल्यासारखे वाटले, वडिलांच्या म्हातारपणाची कीव आली, असे पर्पेतुआ लिहिते. तिने निर्णय बदलला नाही. पण वडिलांना तिने शत्रूही ठरविले नाही.

बाळाविषयीच्या नोंदी तर सर्वस्वी देहाच्या पातळीवरील आहेत. प्रारंभी तुरुंगाचा अंधार, गर्दी आणि भुकेने मलूल झालेले मूल यांची चिंता. मग मूल सोबत ठेवण्याची परवानगी मिळताच त्याच तुरुंगात वाटलेला आराम. शिक्षा सुनावल्यानंतर आजोबांनी मूल परत देण्यास दिलेला नकार. आणि त्यानंतर मुलाने दूध मागितले नाही व आपल्या स्तनांनाही ठणका लागला नाही, ही सुटकेची नोंद. नवऱ्याचा उल्लेख मात्र संपूर्ण मजकुरात कोठेही नाही. तो का नसावा याविषयी अभ्यासकांनी अनेक अनुमाने केली आहेत. त्यांतील एकही अनुमान मजकुरातून सिद्ध होत नाही.

पर्पेतुआला चार स्वप्ने पडली. शस्त्रे जडविलेली उंच शिडी आणि तिच्या पायथ्याशी पडलेला सर्प, ज्याच्या डोक्यावर पाय देऊन ती वर चढते आणि तेथे मेंढ्यांची धार काढणारा मेंढपाळ तिला दह्यासारखा घास देतो, हे पहिले स्वप्न. दुसऱ्या व तिसऱ्या स्वप्नात तिचा धाकटा भाऊ दिनोक्रातेस दिसतो. तो सातव्या वर्षी तोंडाच्या व्याधीने दगावला होता. आधी तो तहानलेला, हौदाचा काठ उंच असल्याने पाण्यापर्यंत न पोहोचणारा असा दिसतो. तिने रात्रंदिवस प्रार्थना केल्यानंतर काठ खाली आलेला आणि मुलगा पाणी पिऊन खेळायला गेलेला दिसतो. संतांच्या मध्यस्थीची जी कल्पना पुढील काळात रूढ झाली तिचे एक आरंभीचे रूप येथे पाहावयास मिळते, आणि विशेष म्हणजे येथे मध्यस्थी करणारी स्त्री अद्याप जिवंत, शिक्षेची वाट पाहणारी बंदी आहे. चौथ्या स्वप्नात ती एका इजिप्शियन मल्लाशी झुंजते. कपडे उतरवताच ती पुरुष झालेली असते. परंतु विजयाची फांदी देणारा पंच तिला 'मुली' असेच संबोधतो. केवळ पहिल्या अर्ध्या वाक्यावर भर देऊन या स्वप्नाचा अर्थ लावणाऱ्यांनी हा दुसरा तपशील विसरू नये.

सातुरुसच्या स्वप्नातही लक्षणीय प्रसंग आहे. आपसात बेबनाव असलेले बिशप ओप्तातुस व धर्मगुरू आस्पासियुस हे पर्पेतुआ व सातुरुस यांच्या पायांशी पडून समेट घडवून आणण्याची विनंती करतात, आणि पर्पेतुआ त्यांच्याशी ग्रीक भाषेत बोलू लागते. बिशपने बंदी स्त्रीच्या पाया पडावे ही गोष्ट त्या काळच्या मंडळीला स्वप्नात तरी शक्य वाटत होती.

फेलिसितास

फेलिसितासविषयी जे कळते ते सर्व संपादकाकडून. तिचा स्वतःचा मजकूर नाही. दासीला लिहिता येत असण्याचा संभवही फार कमी. अटक झाली तेव्हा ती गर्भवती होती. गर्भवती स्त्रीला प्रसूतीपूर्वी मृत्युदंड देण्यास रोमन कायद्याने मनाई होती. त्यामुळे सोबत्यांबरोबर मरण न येता नंतर केव्हातरी सामान्य गुन्हेगारांच्या संगतीत आपल्याला मारले जाईल, ही तिची भीती होती. सर्वांनी मिळून प्रार्थना केली आणि आठव्या महिन्यात ती बाळंत झाली. कळांनी ती कण्हत असता तुरुंगातील एका नोकराने, आता ही अवस्था तर श्वापदांपुढे काय होईल, असे तिला हिणविले. आताच्या वेदना माझ्या मला सोसाव्या लागत आहेत, तेव्हा मात्र माझ्यासाठी सोसणारा माझ्या ठायी असेल, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. तिला मुलगी झाली. मंडळीतील एका भगिनीने ती स्वतःची लेक म्हणून वाढविली.

फेलिसितास ही पर्पेतुआची दासी होती, असे अनेक लोकप्रिय पुस्तकांत लिहिलेले आढळते. वृत्तांतात तसे नाही. ती रेव्होकातुस नावाच्या दुसऱ्या कैद्याची सहदासी होती, एवढेच तेथे म्हटले आहे. दोघींना मालकीण आणि दासी करून टाकल्याने कथा सुबक होते खरी, पण मूळ मजकुरातील समान पातळीवरचे सख्य नाहीसे होते.

खेळांच्या दिवशी पुरुषांना सॅटर्न देवाच्या पुजाऱ्यांचा व स्त्रियांना सीरीज देवीच्या सेविकांचा वेश चढविण्याचा प्रयत्न झाला. पर्पेतुआने तो मानला नाही. नंतर दोघींना विवस्त्र करून जाळ्यांत गुंडाळून रिंगणात आणले गेले. एक नाजूक तरुणी, दुसरी ओली बाळंतीण, हे पाहून खुद्द प्रेक्षकच शहारले, म्हणून त्यांना परत नेऊन सैल वस्त्रे दिली गेली. त्यांच्यावर माजलेली गाय सोडण्यात आली. गायीने उडवल्यावर पर्पेतुआने फाटलेले वस्त्र मांडीवर ओढून घेतले, सुटलेले केस बांधले, आणि खाली पडलेल्या फेलिसितासजवळ जाऊन हात देऊन तिला उठविले. दोघी शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. अखेरीस नवख्या तलवारधाऱ्याचा पहिला वार चुकून हाडावर बसला तेव्हा त्याचा थरथरता हात पर्पेतुआने स्वतःच आपल्या गळ्याशी नेला, असे संपादक सांगतो.

समाधी, स्मरणदिन आणि स्त्रिया

रक्तसाक्षीचा मृत्युदिन हा आद्य ख्रिस्ती परंपरेत त्याचा 'जन्मदिन' मानला जाई. त्या दिवशी समाधीपाशी जमणे, प्रार्थना व भोजन करणे, वृत्तांत वाचणे ही प्रथा होती. आराधना फक्त देवाची, संतांचा मात्र सन्मान, हा भेद धर्मशास्त्राने आग्रहाने मांडला. सामान्य भाविक समाधीपाशी जे करीत त्यात तो दरवेळी दिसे असे नाही.

या प्रथेत स्त्रियांचा वाटा मोठा होता. इ. स. २९५ मध्ये लष्करी सेवा नाकारल्याबद्दल मारल्या गेलेल्या माक्सिमिलियान या तरुणाचा देह पोंपेयाना नावाच्या प्रतिष्ठित स्त्रीने कार्थेजला आणून बिशप सिप्रियान यांच्या समाधीजवळ पुरला. चौथ्या शतकाच्या प्रारंभी कार्थेजचीच ल्युसिला ही धनिक स्त्री प्रभुभोजनापूर्वी एका रक्तसाक्षीच्या अस्थीचे चुंबन घेत असे. त्याबद्दल तिला समज देण्यात आली आणि त्या रागाचे पडसाद पुढील धर्मकलहात उमटले. ऑगस्टीनची आई मोनिका आफ्रिकेतील रीतीप्रमाणे मिलान येथेही समाधींवर अन्न व द्राक्षारस घेऊन गेली असता दाराशीच तिला अडविण्यात आले, कारण बिशप आंब्रोसने ती चाल बंद केली होती. समाधीपाशी काय चालावे आणि कोणी ठरवावे, हा प्रश्न बिशपांच्या दृष्टीने केव्हाच ऐरणीवर आला होता. इ. स. ३९७ च्या कार्थेज परिषदेने रक्तसाक्षींचे वृत्तांत त्यांच्या स्मरणदिनी वाचण्यास मुभा दिली. ४०१ मध्ये तेथेच, ज्यांत खात्रीलायक अवशेष नाहीत अशा वेदी पाडून टाकण्याचा ठराव झाला.

या मुभेमुळेच पर्पेतुआचे शब्द वर्षानुवर्षे मोठ्याने वाचले गेले. तिची समाधी असलेल्या कार्थेजच्या बासिलिका मायोरुम या चर्चमध्ये ७ मार्चला गर्दी होत असे. इ. स. ३५४ च्या रोमन स्मरणसूचीत रोमबाहेरची जी मोजकी नावे आहेत त्यांत पर्पेतुआ व फेलिसितास यांचा समावेश आहे.

शब्दांवरील संस्कार

ऑगस्टीनने या दिवशी दिलेली प्रवचने उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकाचा अधिक पूर्ण पाठ २००७ साली जर्मनीतील एरफर्ट येथील हस्तलिखितात सापडला. ऑगस्टीनपुढे अडचण अशी होती की त्या दिवशी पुरुषही मारले गेले, मग सण दोन स्त्रियांच्या नावाने का? तो दोन कारणे देतो. दुर्बल मानल्या गेलेल्या स्त्रीने दाखविलेले धैर्य अधिक विस्मयकारक ठरते, हे एक. दुसरे कारण नावांच्या श्लेषात आहे : 'पर्पेतुआ' म्हणजे चिरंतन आणि 'फेलिसितास' म्हणजे आनंद, सर्वच रक्तसाक्षींना जे मिळते ते या दोन नावांत सामावले आहे. श्लेष सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु त्यात दोन हाडामांसाच्या स्त्रिया एका शब्दसमूहात विरघळून जातात, हेही खरे. दिनोक्रातेसच्या स्वप्नाचा आधार घेऊन, बाप्तिस्मा न झालेल्या बालकांनाही तारण मिळते असे कोणी प्रतिपादन केले तेव्हा ऑगस्टीनने स्पष्ट बजावले की हा ग्रंथ पवित्र शास्त्रात गणला जात नाही. चर्चमध्ये वाचला जाणारा, लोकांना प्रिय असलेला मजकूर. त्याचा अधिकार कोठे थांबतो हे सांगणे बिशपला भाग पडले.

याहून मोठा बदल 'आक्ता' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संक्षिप्त आवृत्त्यांत झाला. या आवृत्त्यांची हस्तलिखिते मूळ वृत्तांतापेक्षा कितीतरी अधिक संख्येने टिकली, म्हणजे मध्ययुगातील बहुसंख्य वाचकांना पर्पेतुआ माहीत होती ती यांतूनच. त्यांत घटना सम्राट वालेरियन व गालिएनुस यांच्या काळात ढकलली गेली. पर्पेतुआचे प्रथमपुरुषी निवेदन गेले आणि अधिकाऱ्याची प्रश्नोत्तरे आली. मूळ मजकुरात नसलेला नवरा येथे हजर झाला. आईवडील व नवरा बाळाला घेऊन विनवण्या करतात तेव्हा ती बाळाला दूर लोटते आणि त्यांना अधर्मी म्हणून झिडकारते. फेलिसितास दासी न राहता रेव्होकातुसची बहीण झाली. ज्या स्त्रीने वडिलांच्या म्हातारपणासाठी दुःख केले आणि दूध आटल्याची नोंद ठेवली, तिच्या मुखी हा निष्ठुरपणा घालावा लागला याचे कारण उघड आहे. नवऱ्याचा पत्ता नाही आणि आईपणाबद्दल जिव्हाळा आहे, अशी संत स्त्री आदर्श म्हणून पुढे ठेवणे नंतरच्या लेखकांना अवघड वाटत होते.

कुमारिकांची मिरवणूक

चौथ्या शतकापासून आदर्शच बदलला. छळ संपला होता, वैराग्य आणि कौमार्य यांना महत्त्व आले होते. रोमची आग्नेस ही या काळाची नायिका. तिची समाधी नोमेंताना मार्गावर होती आणि २१ जानेवारी हा स्मरणदिन ३५४ च्या सूचीत आहे. याहून अधिक निश्चित असे फार थोडे सांगता येते. इ. स. ३७७ मध्ये आंब्रोसने बहिणीसाठी लिहिलेल्या कौमार्यविषयक ग्रंथात ती बारा वर्षांची असून तलवारीने मारली गेली; पोप दामासुसच्या काव्यलेखात ज्वाळांचा उल्लेख येतो. जेथे साक्षीदाराचे शब्द नव्हते तेथे कथेला मोकळे रान मिळाले.

इटलीतील रावेन्ना येथील सांत आपोलिनारे नुओवो या चर्चच्या भिंतीवर सहाव्या शतकातील एक भव्य कुट्टिमचित्र आहे. बावीस संत स्त्रिया सोनेरी वस्त्रांत, हातांत मुकुट घेऊन ओळीने चालल्या आहेत. आग्नेसच्या पायाशी कोकरू आहे. या ओळीत पर्पेतुआ व फेलिसितास आहेत, एकीमागे एक, इतरांसारख्याच वेशात. या चित्राला रूढ नाव 'कुमारिकांची मिरवणूक' असे आहे. दोन लेकुरवाळ्या त्यात चालत आहेत.

कथेचे हे मोकळे रान किती दूर पोहोचले याचे उदाहरण गोव्यात सापडते. अलेक्झांड्रियाची कॅथरीन हिने पन्नास तत्त्ववेत्त्यांना वादात जिंकले अशी आख्यायिका आहे. तिच्याविषयी समकालीन पुरावा एकही नाही. आफोन्सो दे आल्बुकर्कने २५ नोव्हेंबर १५१० रोजी गोवा जिंकून घेतला तो तिच्या सणाचा दिवस. म्हणून जुन्या गोव्यात तिच्या नावे चॅपल उभे राहिले आणि पुढे तेथील से कॅथेड्रलही तिलाच अर्पण झाले. ज्या संत स्त्रीचे अस्तित्वच संशयास्पद, तिचे नाव विजयाशी जोडले जाऊन समुद्रापार आले. रोमने १९६९ साली सार्वत्रिक दिनदर्शिकेतून तिचा स्मरणदिन वगळला आणि २००२ मध्ये ऐच्छिक म्हणून पुन्हा घेतला.

मूळ मजकुराचे पुनरागमन

पर्पेतुआचा मूळ लॅटिन मजकूर सतराव्या शतकात लुकास होल्स्तेनियुस या विद्वानाला मोंते कासीनो मठातील हस्तलिखितात आढळला आणि त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. ग्रीक पाठ १८८९ मध्ये रेंडेल हॅरिस यांना जेरुसलेममध्ये मिळाला. १९०७ साली कार्थेजच्या उत्खननात फादर देलात्र यांना, या रक्तसाक्षींची नावे कोरलेल्या संगमरवरी लेखाचे तुकडे सापडले. समाधीची जागा पाचव्या शतकातील लेखक व्हिक्तोर याने सांगितली होती; तिला त्यामुळे पुष्टी मिळाली.

रोमच्या दिनदर्शिकेत मात्र ७ मार्च ही तारीख मध्ययुगापासून थोर धर्मतत्त्ववेत्ता थॉमस अक्वायनस याच्याकडे गेली होती, आणि या दोघींचा त्या दिवशी केवळ ओझरता उल्लेख होई. १९०८ मध्ये त्यांना स्वतंत्र सण देण्यात आला, पण एक दिवस आधी, ६ मार्चला. १९६९ च्या सुधारणेत अक्वायनसचा स्मरणदिन २८ जानेवारीस हलविण्यात आला, आणि ७ मार्च पर्पेतुआ व फेलिसितास यांच्याकडे परत आला.